घरच्या मैदानाची चावी

आमच्या गावाला भांडता येत नाही. या गावची लेक म्हणून त्रेपन्न वर्षं मी हे बघतेय आणि एल्स्टाड कॉलेजची क्रीडाप्रमुख म्हणून अकरा वर्षं भोगतेय. कॅफेत कोणाच्या मांडीवर गरम कॉफी सांडली, तर भाजलेला माणूसच आधी सॉरी म्हणतो. अशा गावाला घरचं मैदान मिळावं म्हणून मी अकरा वर्षं एकटी भांडत होते.

छोट्या कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलची, म्हणजे चेंडू हातात घेऊन खेळायच्या खेळाची, राष्ट्रीय बाद फेरी थंडी सुरू झाली की लागते. कोणता सामना कोणाच्या मैदानावर, हे एक समिती ठरवते. समितीकडे आमच्यासाठी दरवर्षी नवं कारण तयार असायचं. तुमचं स्टेडियम छोटं. तुमचा विमानतळ लांब. मिनेसोटात डिसेंबरमध्ये मैदान खेळण्यालायक राहील याची खात्री काय? म्हणजे हंगामात एकही सामना न हरता आम्ही बॅगा भरायच्या, आणि दोन सामने हरलेल्यांनी आपल्या अंगणात आमची वाट बघत बसायचं. हा कुठला न्याय?

गेल्या वर्षी आम्हाला टेक्ससला धाडलं, मेस्किट हिल कॉलेजात. नोव्हेंबर संपत आला होता, तरी तिथे ऊन असं की बाकावर हात ठेववेना. पाहुण्यांची बाजू पूर्ण उन्हात, यजमानांची सावलीत. दुसऱ्या सत्रात आमच्या पिंपातलं पाणी संपलं. पाण्याचा नळ होता, पण तो एका खोलीत, खोलीला कुलूप, आणि चावीवाला जेवायला गेलेला. मुद्दाम कोणी काही केलं नव्हतं, एवढं मला मान्य आहे. कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, बस. तिसऱ्या सत्रात आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे सगळा खेळ ज्याच्या हातून चालतो तो पोरगा, पोटऱ्यांत गोळे येऊन मैदानात आडवा झाला. चार जणांनी उचलून आणला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. तो हाल्वर. माझा मुलगा.

घरी येऊन मी समितीला चौदा पानी पत्र लिहिलं. माझं स्पेलिंग शाळेपासून दिव्य, म्हणून हाल्वरला समोर बसवून प्रत्येक पान तपासून घेतलं. नववं पान तर मी असं लिहिलं होतं की माझंच वाचून माझे डोळे भरून आले. वर्षभर गावात जो भेटेल त्याला मी ते नववं पान ऐकवलं. लोक ऐकून घ्यायचे. म्हणायचे, "हो ना, बरोबर नाही झालं ते," आणि मग हवेबद्दल बोलायला लागायचे.

आणि या वर्षी समितीला पाझर फुटला. उपांत्यपूर्व सामना, एल्स्टाडच्या मैदानावर. पाहुणे कोण? मेस्किट हिल! मी ऑफिसात एकटीच खुर्चीवर उभी राहून नाचले. हाल्वरचं हे शेवटचं वर्ष. हरलो तर त्याचा फुटबॉल तिथेच संपणार होता. पुढे कोणी त्याला पैसे देऊन खेळवणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. मला तो सामना त्याच्यासाठी हवा होता. आणि खरं सांगायचं तर, टेक्ससच्या पोरांचे ओठ निळे पडलेले मला बघायचे होते.

कोच ब्रेक्के बिचारा आठवडाभर गावाला ओरडायला शिकवत होता. घरच्या मैदानाचा फायदा म्हणजे निम्मा आवाजच. पाहुण्यांकडे चेंडू असला की इतका कल्लोळ करायचा की त्यांच्या क्वार्टरबॅकचे इशारे त्याच्याच पोरांना ऐकू जाऊ नयेत. सगळा देश हे करतो. पण आमचं गाव गाणाऱ्यांचं. घरटी एक माणूस चर्चच्या नाहीतर कॉलेजच्या गायकवृंदात. बुधवारी व्यायामशाळेत सगळ्यांना जमवून कोच म्हणाला, "चला, ओरडा!" तर लोक चार सुरांत ओरडले. ऐकायला फार गोड वाटलं. कोचने कपाळावर हात मारला.

शुक्रवारी संध्याकाळी सव्वापाचला पाहुणे उतरले. त्यांचा कोच, टिबेट्स नावाचा उंच, सावकाश बोलणारा माणूस, टोपी काढून माझ्यासमोर उभा राहिला.

"मॅडम, जरा पंचाईत झालीय. हेल्मेटं, पॅड सगळं विमानात बरोबर आणलं. गरम कपड्यांचा ट्रक मात्र आयोवात बर्फात अडकलाय. गावात जाड कोट मिळतील असं दुकान आहे का?"

"आहे की," मी म्हटलं. "पाचला बंद होतं."

"उद्या सकाळी?"

"मालक शनिवारी मासे धरायला जातो. तळं गोठलंय ना."

यातलं अक्षरही खोटं नव्हतं. त्याच्या मागे पोरं पातळ जाकिटांत उभी होती, खांदे कानापर्यंत ओढून. पारा इतका खाली गेला होता की श्वास घेतला की नाकातले केस गोठत होते. आणि माझ्या कोटाच्या खिशात सामानाच्या खोलीची चावी होती. त्या खोलीत गुडघ्यापर्यंत येणारे सत्तर जुने निळे कोट टांगलेले होते, गेल्याच वर्षी नवे आले म्हणून बाजूला ठेवलेले. मी नियमांचं पुस्तक तोंडपाठ केलेलं. यजमानांनी पाहुण्यांना तंबू द्यावा, गरम हवेचं यंत्र द्यावं, पाणी द्यावं. कोट द्यावेत असं कुठेही नाही.

"बाकी काही लागलं तर सांगा," मी म्हटलं आणि निघाले.

निघाले ती थेट चर्चच्या तळघरात, कारण पाहुण्यांना जेवण घालायचा घाट माझ्याच आईने घातला होता. माझी आई गुड्रून. वय एक्क्याऐंशी. तळघरातल्या स्वयंपाकघरात तिचा शब्द पाद्रीसुद्धा मोडत नाही. ओट्यावर हॉटडिशचे, म्हणजे भट्टीत भाजलेल्या खिमा-भाजीचे, अकरा ट्रे, वर बटाट्याचे गोळे खरपूस भाजलेले, आणि आई त्यावर झाऱ्या घेऊन राज्य करतेय.

"आई, हे काय चाललंय?"

"जेवण चाललंय. सर की बाजूला, ट्रे गरम आहे."

"उद्या आपला सामना आहे यांच्याशी! हे आपले प्रतिस्पर्धी आहेत!"

"असतील उद्या एक वाजता. आत्ता जेवायला बसलेत."

"गेल्या वर्षी यांनी तुझ्या नातवाला घोटभर पाणी दिलं नव्हतं."

"हो गं, सांगितलंस तू. नववं पान." तिने एका पोराच्या ताटात दुसऱ्यांदा वाढलं. "तो कोपऱ्यातला जॅरेल. त्याच्याकडे हातमोजेसुद्धा नाहीत. बोटं बघितलीस त्याची? चेंडू झेलायचं काम आहे म्हणे त्याचं."

"मग गारठू दे की!"

हे मी जरा मोठ्याने बोलले. सगळे चमचे ताटातच थांबले. आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दहा वर्षांची आहे आणि चर्चमध्ये शिंकले आहे.

"रॅग्ना," ती हळूच म्हणाली, "कॉफी आण बरं सगळ्यांना."

आणि मी आणली. काय करणार? मीही याच गावची.

शनिवारी बत्तीसशे माणसांचं स्टेडियम गच्च भरलं. पावणेएकला आमचा संघ बाहेर आला, सगळ्यांत पुढे हाल्वर. माझा ऊर भरून आला. मग पाहुणे बाहेर आले. निळ्या कोटांत. गुडघ्यापर्यंत येणाऱ्या, पाठीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत एल्स्टाड लिहिलेल्या कोटांत!

मी खिसा चाचपला. चावी जागेवर होती. मग आठवलं, दुसरी चावी आईकडे असते, चर्चच्या जत्रेची टेबलं त्याच खोलीत ठेवतात म्हणून. तिसऱ्या रांगेत ती घोंगडी पांघरून बसली होती. मला बघून तिने हात हलवला. हाताला मोजा नव्हता. तिचे लाल मोजे, पांढऱ्या हरणांचे, तिनेच विणलेले, जॅरेलच्या हातांत होते. नीट बघितलं तर निम्म्या गावाचे हात खिशात होते आणि निम्म्या टेक्ससच्या हातांत आमच्या आज्यांची लोकर. डोक्यात अशी तिडीक गेली की त्या थंडीत मला घाम फुटला.

सामना मात्र झकास झाला. हाल्वर जन्मात कधी खेळला नाही असा खेळला. बर्फाच्या कडेकडेने पळाला, दोनदा स्वतः चेंडू घेऊन मैदानाच्या टोकाची रेघ ओलांडली आणि गुण मिळवले. शेवटची दीड मिनिटं उरली तेव्हा आम्ही सतरा, ते चौदा. चेंडू त्यांच्याकडे, पण रेघ लांब होती. आता आमच्या बचावाने एवढी एकच खेप थोपवायची होती. हाल्वर कडेला उभा, हेल्मेट हातात, नुसता बघत. त्याच्या हातात आता काही नव्हतं. होतं ते गावाच्या हातात.

आणि गाव ओरडलं! देवाशपथ सांगते, ओरडलं. आधी सुरात, मग बेसूर, मग पाय आपटत. लाकडी बाकं थरथरायला लागली. पाहुण्यांच्या क्वार्टरबॅकचे इशारे त्याच्या पोरांना ऐकू जाईनात. दोन जण चुकीच्या जागी उभे राहिले. एकदा चेंडू निसटला, दुसऱ्यांदा त्या क्वार्टरबॅकलाच आमच्या पोरांनी मागे ढकललं. मी रडत होते आणि ओरडत होते. अकरा वर्षं ज्यासाठी भांडले ते हेच होतं.

शेवटची अकरा सेकंदं उरली. त्यांचा क्वार्टरबॅक पुढे आला. आपल्या पोरांना काही ऐकू जात नाही म्हणून त्याने, बिचाऱ्याने, दोन्ही हात वर उचलले आणि तळवे हळूहळू खाली आणले. थांबा, शांत व्हा, माझ्याकडे बघा, असं तो त्याच्या माणसांना सांगत होता.

आणि बत्तीसशे माणसं गप्प झाली.

कुठल्याही गावात लोक त्या हातांना हसले असते आणि दुप्पट ओरडले असते. पण आमच्याकडे पोर पाच वर्षांचं झालं की त्याला गायकवृंदात उभं करतात, आणि समोरच्याने हात असे खाली आणले की आवाज बंद करायचा, हे त्याच्या हाडात मुरतं. सगळं गाव एका श्वासात थांबलं. इतकं स्वच्छ थांबलं की झेंड्याची दोरी खांबावर आपटताना ऐकू आली.

"ओरडा!" मी किंचाळले. "अरे, ओरडा ना!"

सगळ्या स्टेडियमात माझा एकटीचा आवाज. लोकांनी वळून बघितलं, जरा अवघडून. हाल्वरनेही बघितलं. आणि त्या शांततेत त्यांच्या क्वार्टरबॅकने खणखणीत आवाजात इशारा दिला. जॅरेलने लाल मोजे काढून कमरेला खोचले, धावला, आणि उबदार बोटांनी तो चेंडू असा अलगद झेलला, जसा कोणी फांदीवरून सफरचंद काढावं. रेघेच्या पलीकडे, म्हणजे सहा गुण.

वीस–सतरा. संपलं.

त्यावर आमच्या लोकांनी काय करावं? टाळ्या वाजवल्या. झेल चांगला होता म्हणून.

अर्ध्या तासाने टिबेट्स कोटांची चळत स्वतः उचलून माझ्या ऑफिसात आला. मी त्याचं अभिनंदन केलं, दात ओठ खात.

"मॅडम, समितीने तुमचं पत्र मला पाठवलं होतं," तो म्हणाला. "दोनदा वाचलं. तुमच्या मुलाचं जे झालं त्याची लाज वाटली हो. उत्तर लिहायला घेतलं, पण जमलं नाही. त्या नळाच्या खोलीचं कुलूप मात्र काढून टाकलंय. आता तिथे दारच नाही." तो पुढे म्हणाला, "काल कोट पाठवलेत त्याबद्दल उपकार. गेल्या वर्षीचं बघता तुम्ही पाठवाल असं वाटलं नव्हतं."

मी चळत घेऊन टेबलावर ठेवली, आणि ते उपकारही ठेवून घेतले. 

सामानाच्या खोलीत गेले तर हाल्वर एकटाच उरलेले कोट टांगत होता, आणि कुलपात आईकडची चावी लटकत होती. अजून पॅड काढले नव्हते. गालावर चिखल वाळलेला, डोळे लाल.

"तू दिलेस?" मी दारातूनच सुरू केलं. "आजीकडून चावी घेऊन? तुझा शेवटचा सामना होता, हाल्वर! तो पोरगा गारठलेल्या बोटांनी तो चेंडू झेलूच शकला नसता! अकरा वर्षं मी ज्यासाठी भांडले ते तू एका रात्रीत वाटून टाकलंस! का? कोणी सांगितलं होतं तुला?"

तो कोट हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. खरोखर गोंधळला होता.

"तूच," तो म्हणाला.

"मी?"

"नवव्या पानावर. 'पाहुण्या मुलांना पाणी आणि सावली देणं हे उपकार नाहीत. जो हे देत नाही तो जिंकला तरी त्याने सामना खेळलाच नाही.' मी तपासलं होतं ते पान. तिथे एकही चूक नव्हती." त्याने कोटाची बाही मुठीत धरली. "तिकडे पडलो होतो ना, आई, तेव्हा मला वाटत होतं की त्यांच्यातला कोणीतरी एक जण पाणी घेऊन येईल. मला वाटलं तू तेच म्हणतेयस. मला वाटलं तुला आवडेल."

मी दाराला टेकले. वर्षभर ते पान मी गावाला, समितीला, टेक्ससला वाचून दाखवलं होतं. सगळ्यांना ते पटलं होतं, आणि काल संध्याकाळी चावी खिशात घेऊन घरी गेले ती मी.

"रागावलीस?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? "पुष्कळ. आणि पुष्कळ दिवस राहणार आहे."

"बरं."

"तुझ्यावर नाही रे," मी म्हटलं. मग आत गेले आणि त्याच्या हातातल्या कोटाची दुसरी बाही धरली. कोट अजून ओलसर होता. "आधी पॅड काढ. हे ओले टांगायचे नसतात, वास येतो. पुढच्या वर्षी लागतील."

"पुढच्या वर्षी मी नसेन, आई."

"माहितेय," मी म्हटलं, आणि आम्ही एकेक कोट हीटरजवळ पसरायला लागलो.