मिशी फुटली की उचलायचा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. गोल, गुळगुळीत, धरायला कुठेही पकड नसलेला. पाथरवटाने मला घडवून अम्मन देवीच्या देवळापुढे ठेवले. पूर्वी मला खांद्यावरून मागे टाकणाऱ्यालाच आमच्या तमिळ गावात मुलगी मिळायची. गडी वेष्टी, म्हणजे कमरेचे धोतर, आवळून खाली बसत, मला मांडीवर घेत, छातीशी कवटाळत आणि उभे राहत. मग आयाबाया जीभ हलवून कौतुकाच्या कुलवैचा नाद घुमवत. पुढे तरुण शहरात गेले आणि माझ्यावर शेळ्या बसू लागल्या. म्हणून पोंगलच्या सणात माझी स्पर्धा पुन्हा सुरू झाली, तेव्हा मी हरखून गेलो.

त्याच सणात मुत्तू आला. नुकतीच मिसरूड फुटलेला, शेलाटा मुलगा. आमच्याकडे भाच्याला दगडापाशी आणण्याचा मान मामाचा. सुडलै मामाने त्याला चारचौघांत डिवचले, "मिशी काय उसनी आणलीस का रे? उचल की!"

मुत्तूने पाण्याच्या घागरीखेरीज कधी काही उचलले नव्हते. तो कमरेतून वाकला आणि त्याने मला हिसका दिला. मी गुडघ्यापर्यंत आलो, तोच त्याच्या पाठीत उसण भरली. तो जागीच कोसळला. वाजंत्री थांबली. त्या दिवशी मला माझे वजन नकोसे झाले.

कित्येक दिवस तो चटईवर पडून होता. पाठ सुधारेल असे डॉक्टर म्हणाले, पण त्याच्या अम्माने त्याला देवीची शपथ घातली, पुन्हा वजनाला हात लावायचा नाही. कोवळ्या वयात वजन उचलले की उंची खुंटते, असे सारा गाव म्हणे. मुत्तू हिंडूफिरू लागला, पण देवळापुढून मान खाली घालून जायचा. उचलण्याचे वेड काही गेले नव्हते.

एके दिवशी शाळेत खेळ शिकवणाऱ्या सेल्वराणी टीचर अम्माला घेऊन माझ्याजवळच बसल्या.

"अक्का, घागरी भरून आणतो, तेव्हा खुंटते का त्याची उंची?"

"ते घरचं काम. हा जिवाशी खेळ आहे."

"खेळ मामानं केला. काही न शिकवता सगळ्यात जड दगडाला जुंपलं पोराला. आधी डॉक्टरांना विचारू. ते हो म्हणाले, तर माझ्यासमोर नुसती काठी उचलेल. दुखलं की थांबेल."

अम्माने डोळे पुसले. "काठीच ना? मग मी येऊन बसणार."

डॉक्टरांनी होकार दिला आणि माझ्यापुढे चालणाऱ्या सरावाला ती खरोखरच येऊन बसायची. आधी काठी, मग वाळूची छोटी पिशवी, बऱ्याच दिवसांनी थोडी जड. कसे बसायचे, पाठ कशी ठेवायची, हे टीचर पुन्हा पुन्हा घोटून घेत आणि मध्ये विश्रांतीही देत. मुत्तूची उंची वाढतच राहिली. त्याची वेष्टी अम्माला आखूड वाटू लागली.

पुन्हा पोंगल आला. गर्दीतून मामा ओरडला, "भाच्या, यंदा तरी माझं नाक राख!"

मुत्तू माझ्यापाशी आला. त्याने माझ्यावर तळहात ठेवला, तो डोळ्यांना लावला आणि म्हणाला, "यंदा नाही, मामा. अजून माझी तयारी व्हायचीय." मग तो वळून टीचरनी शेजारी ठेवलेल्या वाळूच्या पिशव्यांकडे गेला.

तेवढ्यात कुलवैचा नाद उठला. अम्मा एकटीच घुमवत होती.

मित्रांनो, वजनाला भिऊ नका. पण जाणता माणूस शेजारी नसेल, तर कुणाच्या टोमण्यापायी त्याला हात लावू नका. मी दगड आहे, मी कुठे जाणार? तुम्ही सावकाश वाढा. मी थांबतो.