गुरुवारचे डॉक्टर

इंदूला अक्कल नाही असं मी कधी म्हणणार नाही. उलट जरा जास्तच आहे, तोच तर त्रास आहे. इकडच्या हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या महिला शाखेची ती अध्यक्ष, आणि वॉर्डात काहीही काम निघालं की वॉर्डातून निवडून आलेला पार्षद आधी तिच्या दारात उभा. या जानेवारीत तो आला तो मिटिंगचं घेऊन. कोरोनानंतर लोकांच्या तब्येती कशा आहेत, वॉर्डाच्या दवाखान्यात काय ठेवायचं नि काय हलवायचं, यावर आरोग्य विभागाच्या एक मॅडम लोकांशी बोलणार होत्या. मागच्या मिटिंगला म्हणे खुर्च्या जास्त आणि माणसं कमी होती. तेव्हा इंदूजी, जरा लेडीज जमवून द्या. इंदू म्हणाली, त्यात काय एवढं? संक्रांतीचं हळदीकुंकू मंडळाच्या हॉलमध्ये आहेच, त्यातच मिटिंग उरकून घेऊ. बाया आपोआप येतील.

मलाही तेव्हा ते पटलं. मला मतलब फक्त गुरुवारच्या डॉक्टरांशी होता.

आमच्या दवाखान्यात दर गुरुवारी छातीचे डॉक्टर येतात. त्यांना पार कारखान्यांच्या भागात, रिछाईला हलवणार अशी कुणकुण दिवाळीपासून लागली होती. माझी सून स्वानंदी त्यांच्याच भरवशावर उभी आहे. दुसऱ्या लाटेत आमचं अख्खं घर आजारी पडलं होतं. मी आणि हे, फॅक्टरीतून रिटायर झालेले मुरलीधरराव, आम्ही दोघं म्हातारे उठून बसलो. आमचा मुलगा आल्हाद गेला. स्वानंदी वाचली, पण तिची फुफ्फुसं वाळल्या चामड्यासारखी झाली. चाळीशीसुद्धा न गाठलेली बाई, आणि वेणी घालता घालता मध्ये थांबून श्वास घ्यायची. मुलगा गेला आणि मी आई मागे राहिले, याचा मला अजून राग येतो. कोणावर काढू ते कळत नाही, म्हणून सगळ्यांवर काढते. यांना विचारा.

तर त्या डॉक्टरांनी तिला नळीत फुंकायला शिकवलं, पोटाने श्वास घ्यायला शिकवलं, औषधं बदलून बदलून पाहिली. आता ती एका दमात जिना चढते. हळू चढते, पण चढते. रिछाई म्हणजे दोन ऑटो आणि मधला तो सगळा ट्रकांचा धूर. तिथे पोचेपर्यंतच तिचं अर्धं औषध वाया जायचं.

म्हणून मी तिच्या मागेच लागले. मिटिंगला चल म्हटलं, मॅडमना तू स्वतः सांग. ती नाही म्हणाली. म्हणाली, "आई, हळदीकुंकू आहे ना तिथे." मी म्हटलं, हळदीकुंकू त्यांचं, दवाखाना तुझा. काहून नाही येणार? तू काय कोणाच्या ताटातलं खायला जाऊन राहिली? माझा आवाज चढला की घरात कोणी वाद घालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तांदूळ निवडता निवडता हिंदीत वाक्यं जुळवताना दिसली. यांना समोर बसवून म्हणत होती, मैडम, मैं पहले एक मंज़िल नहीं चढ़ पाती थी. हे तिची हिंदी सुधारत होते आणि मधेच नाक पुसत होते. मला वाटलं, चला, पोरगी तयार झाली. किती दिवसांनी घरात असं काही चाललं होतं.

त्याच संध्याकाळी हॉलमध्ये गेलो तर बायांची ही गर्दी. पैठण्या काय, हलव्याचे दागिने काय. इंदूने यंदा वाणसुद्धा आरोग्याचं ठेवलं होतं. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं ते चिमट्यासारखं यंत्र प्रत्येकीला एक एक, कोण्या दुकानदाराने फुकट दिलेलं. बाया ते बोटाला लावून एकमेकींना आकडे दाखवत होत्या आणि हसत होत्या. माझे अठ्ठ्याण्णव, तुझे किती गं? आमच्या घरात त्या यंत्रावरचा आकडा उतरताना आम्ही पाहिलेला होता. स्वानंदीने मान दुसरीकडे वळवली. मी तिला भिंतीकडच्या खुर्चीवर बसवलं आणि शेजारी बसले.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की दवाखान्यातल्या गुरुवारच्या बाकावरची एकही बाई हॉलमध्ये नाही. आमच्या गल्लीतल्या गुणवंतची बायको रोशनी नाही, पाटणहून इथे राहायला आलेली ती शिक्षिका नाही, कोणी म्हणजे कोणीच नाही. मला वाटलं उशीर झाला असेल, येतील. मी दाराकडे बघत राहिले.

मॅडम आल्या, पार्षद आला, इंदूने शाल दिली. मॅडम कागद लावून घेत होत्या, तोवर इंदूची नात सलोनी हळदीकुंकवाची कोयरी घेऊन रांगेने फिरू लागली. कॉलेजात जाणारी पोर आहे, मराठी समजते पण बोलायची वेळ आली की हिंदीत शिरते. मला लावलं. मग स्वानंदीकडे वळली. तिला काय माहीत? समोर बाई बसली आहे, बाईला कुंकू लावायचं. तिने बोट बुडवलं आणि हात पुढे केला. आणि स्वानंदीचं कपाळ आपोआप पुढे आलं. मी पाहिलं. लहानपणापासून जे अंगात बसलेलं असतं ते विचारून होत नाही.

"सलोनी, तिला नको. पुढे चल," इंदू म्हणाली.

रागाने नाही म्हणाली. चहात साखर नको असं सांगावं तितक्या सहज म्हणाली. पण हॉल तेव्हा नेमका शांत झाला होता.

"क्यों, आजी?" पोरीने विचारलं.

सलोनीचं बोट तसंच हवेत राहिलं, मग तिने ते ओढणीला पुसलं आणि पुढच्या खुर्चीकडे गेली. स्वानंदी मागे टेकली. तिच्या मानेवरची शीर उडत होती. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाली, जरा बाहेर जाऊन येते, दम लागून राहिला आहे. पर्स घेतली आणि भिंतीला धरून धरून दाराबाहेर गेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी अर्धी उठलेसुद्धा. पण तेवढ्यात मॅडमनी माईक हातात घेतला आणि पहिलंच वाक्य गुरुवारच्या डॉक्टरांचं काढलं. म्हणाल्या, इथे पेशंट कमी येतात असं वरून सांगण्यात आलं आहे, आज लोकांचं ऐकूनच ठरवू. मी खाली बसले. म्हटलं, आधी डॉक्टर, मग इंदू. स्वानंदी बाहेर मोकळ्या हवेत बसेल, दम खाईल, येईल. आता उठून गेले तर तिच्या बाजूने बोलायला हॉलमध्ये एक माणूस उरणार नाही. मला ते तेव्हा अगदी बरोबर वाटलं.

मॅडम वाईट नव्हत्या. खरंच विचारत होत्या. कुणाला पाण्याच्या टाकीचं सांगायचं होतं, कुणाला डासांचं, एकीने तर तीळगुळाच्या वड्या पुढे केल्या. मग मॅडम म्हणाल्या, "गुरुवार की ओपीडी वाले मरीज़ कौन-कौन हैं? ज़रा हाथ उठाइए।"

एकही हात वर गेला नाही. सगळ्याजणी एकमेकींकडे बघू लागल्या. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हळदीकुंकवाचं बोलावणं घरोघरी जाऊन, उंबऱ्यावर उभं राहून कुंकू लावून द्यायचं. आमच्या बाया पुष्कळ वर्षं तसंच देत आल्या. ज्या बाईचा नवरा गेला तिचं दार सोडून पुढे जायचं, हे कोणाला शिकवावं लागत नाही. त्या बाकावरच्या सगळ्याजणींचे नवरे त्याच लाटेत गेले होते. नवऱ्यासोबतच त्यांनाही तो रोग झाला होता, म्हणून तर त्या बाकावर होत्या. त्यांच्या दारावरून इंदूची माणसं पुढे गेली, आणि मिटिंगचं बोलावणंही त्यांच्यासोबतच पुढे गेलं. अरे देवा, म्हटलं. ज्यांच्यासाठी मिटिंग त्यांनाच सोडून सगळा वॉर्ड गोळा केला होता आम्ही.

मी उभी राहिले. मला हिंदीत भांडता येतं, विनवता येत नाही. तरी सकाळी ऐकलेलं सगळं सांगितलं. माझी सून एक मजला चढू शकत नव्हती, आता चढते. बाकी बायका आहेत, त्या आज आल्या नाहीत. मॅडमनी नीट ऐकून घेतलं.

"माताजी, आप मरीज़ हैं?"

"नहीं. मेरी बहू है."

"वो कहाँ हैं?"

"बाहर बैठी है."

"तो बुला लीजिए न, मैं रुकती हूँ।"

सलोनी धावत बाहेर गेली. सगळा हॉल दाराकडे बघत होता. मी मनात म्हणत होते, ये गं बाई, एक वाक्य बोल आणि मग पाहिजे तर जन्मभर माझ्याशी बोलू नको. सलोनी एकटीच परत आली. आंटी गेटपाशी नाहीत म्हणाली, रस्त्यावरही दिसल्या नाहीत.

मॅडम थोडा वेळ थांबल्या. मग त्यांनी पेन उचललं. एका माणसासाठी डॉक्टर ठेवता येत नाही, असं फार सौम्यपणे समजावलं, आणि पुढच्या महिन्यापासून गुरुवारची ओपीडी रिछाईला बसेल असं सांगितलं. निघताना हॉलभर नजर फिरवली. सगळ्या धडधाकट, सगळ्यांच्या कपाळावर ताजं कुंकू, हातात वाण. "आप सबको देखकर तसल्ली हुई," म्हणाल्या. "इस वार्ड की रिकवरी बहुत अच्छी है।" बायांनी टाळ्या वाजवल्या. पार्षदाने तर उभं राहून वाजवल्या.

मी इंदूला खुर्च्यांच्या मागे गाठलं आणि जे तोंडात आलं ते बोलले. कोणाकोणाची दारं सोडली ते नावानिशी सांगितलं. तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, अगं अनसूया, हळदीकुंकवाला त्यांना कसं बोलवायचं? त्यांनाच वाईट वाटलं असतं. मी म्हटलं, मिटिंगला बोलवायचं होतं. तर म्हणाली, दोन्ही एकच होतं ना गं. आणि खरंच रडायला लागली. त्यांच्यासाठी वेगळी मिटिंग ठेवू म्हणाली, मी बोलते पार्षदाशी. वेगळी! मला तिच्या अंगावर ओरडायचं होतं, पण तिच्या डोळ्यांतलं पाणी खोटं नव्हतं, त्याचाच मला जास्त संताप आला. मी चपला घातल्या आणि निघाले.

स्वानंदी घराच्या वाटेवर सापडली. चढ सुरू होतो तिथे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती. पोटाने श्वास घेत होती, डॉक्टरांनी शिकवला तसा. मी शेजारी बसले. तिने विचारलं, काय ठरलं? मी सांगितलं. तिने मान हलवली, बातमी दुसऱ्याच कोणाची असल्यासारखी.

"रिछाईला मी नाही जाणार, आई."

मी चिडले. हे काय नवीन, म्हटलं. जीव जड झाला का तुला? दोन ऑटो लागतात तर लागू दे. मी येते ना दर गुरुवारी, मी असते ना तुझ्यासोबत.

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आल्हाद गेल्यापासून या मुलीने माझ्यावर एकदाही राग केला नाही.

"आज पण तुम्ही सोबतच होता, आई," ती म्हणाली.

समोरून आपल्या बाया घरी जाऊन राहिल्या होत्या. त्यांनी मला हात केला. मी केला नाही. स्वानंदी पायरीला धरून उठली आणि चढ चढू लागली. मी हात पुढे केला होता, तो तिने धरला नाही.