ॲडम्ससाहेबांचे चरित्र, मुक्काम निशी-कसाई

मी एक जुना चरित्रग्रंथ आहे, मित्रांनो, आणि जुना असल्याची मला मुळीच लाज नाही. माझ्या पोटात जॉन क्विन्सी ॲडम्स राहतात. ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. पुढची निवडणूक हरले, पण हातावर हात धरून बसले नाहीत. संसदेत साधे प्रतिनिधी म्हणून निवडून आले आणि मरेपर्यंत, सुमारे सतरा वर्षे, गुलामगिरीविरुद्धचे लोकांचे अर्ज मांडत राहिले. सभागृहाने ते अर्ज दाबण्याचा नियम केला, तर आठ वर्षे झुंजून तो रद्द करवला!

माझा जन्म पुण्याच्या छापखान्यातला. वक्तृत्वाचे बक्षीस म्हणून उल्हासरावांनी मला मिळवले आणि नोकरीबरोबर जपानला, टोकियोतल्या निशी-कसाई वस्तीत आणले. इथल्या मराठी मंडळाचे ते सहा वर्षे अध्यक्ष होते. त्यांच्या प्रत्येक भाषणात माझे एखादे वाक्य असायचेच.

यंदा ते निवडणूक हरले. नव्या अध्यक्ष कौमुदी घरी आल्या.

"काका, गणपतीत कचऱ्याचं सॉर्टिंग तुम्ही बघाल का? मागच्या वर्षी बाटल्या जाळायच्या कचऱ्यात गेल्या. यंदा चुकलं तर उत्सवाचा हॉल पुन्हा कधीच मिळणार नाही."

"माजी अध्यक्षानं कचरा निवडायचा?" उल्हासराव कडाडले.

कौमुदी गेल्या. वड्याचे तेल वांग्यावर निघाले. उल्हासरावांनी कपाट उपसले आणि मला वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात करकचून बांधले. दुसऱ्या दिवशी रद्दीची गाडी येणार होती. मी खरोखर घाबरलो.

सकाळी त्यांची मुलगी अवंतिका गठ्ठा न्यायला आली आणि थबकली.

"बाबा, दामे! असं चालत नाही. पेपर आणि पुस्तकं वेगळी बांधायची असतात ना?"

तिने मला ओढून काढले. पेन्सिलीने अधोरेखित केलेली ओळ ती अडखळत वाचू लागली. गावच्या पंचायतीत निवडून दिले तरी त्यात कमीपणा नाही, असे ॲडम्ससाहेबांचे मत होते.

"ही रेघ तुम्ही मारली?"

"हो."

"मग तुम्हाला का कमीपणा वाटतो?"

उल्हासरावांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी कौमुदींना फोन लावला. "हातमोजे मी आणतो," एवढेच म्हणाले.

गणपतीत मी अवंतिकाच्या पिशवीत होतो. उल्हासराव दिवसभर उभे राहून बाटल्या, डबे, प्लास्टिक वेगळे करत होते, चुकणाऱ्यांना हसून शिकवत होते. संध्याकाळी हॉलच्या व्यवस्थापकांनी कचऱ्याची प्रत्येक पिशवी उघडून पाहिली, कमरेत वाकून नमस्कार केला आणि पुढच्या वर्षीची तारीख लिहून दिली. मला फार अभिमान वाटला.

मित्रांनो, पुस्तकांना धुळीपासून, वाळवीपासून जपाच. पण ज्या ओळीखाली रेघ माराल, तिच्यासारखे एकदा तरी वागून पाहा. आमची निगा राखायची ती एवढ्याचसाठी.