पिवळा आहे, घाणेरडा नाही

नाक सोडा आधी. सोडा म्हणतो ना! इथं या क्षणाला कसलाही वास येत नाहीये, तुमची ती सवय आहे. आमचं नाव निघालं की हात आपोआप नाकाकडं जातो. तर हो, मी संडासाचं भांडंच बोलतोय. एमआयडीसीला लागून असलेल्या चिखलीत, अण्णासाहेबांच्या पाच खोल्यांच्या चाळीत, मागच्या बाजूला दोन संडास आहेत, त्यातला डावीकडचा मी. आजवर माझ्या तोंडावर सगळे बोलले. आज माझं ऐकून घ्या, कारण माझं डोकं फार तापलंय.

मी जन्मलो तेव्हा पांढराशुभ्र होतो. गुजरातेत भट्टीत भाजून काढलं मला, वर काचेसारखा गुळगुळीत थर चढवला. टेम्पोतून पेंढ्यात गुंडाळून आलो. अण्णासाहेब मूळ इथल्याच गावचे, जमिनीवर खोल्या बांधून भाड्यानं दिलेल्या. त्यांनी माझ्यावरून हात फिरवला आणि गवंड्याला म्हणाले, "आरं, ह्ये तर ताटासारखं चकाकतंय! जेवाय बसंल कुनी!" आयुष्यात माझं एवढंच कौतुक झालं.

मग चालू झालं बोअरचं पाणी. आमच्या इथलं बोअरचं पाणी इतकं जड, की त्यात डाळ शिजत नाही नि साबणाला फेस येत नाही. चहाच्या पातेल्यात पांढरा थर बसतो, गिझरची कॉइल वर्षात जाते. तेच पाणी दिवसातून पन्नास वेळा माझ्या अंगावरून जाणार. वर्षभरात मी पिवळा पडलो. तो पिवळेपणा म्हणजे क्षार आहेत, पाण्यातला चुना आहे! पण चाळीत एकानंही असं म्हटलं नाही. सगळ्यांचं एकच, "शी! किती घाण झालंय भांडं!" पातेल्यावर बसला तर क्षार, आणि माझ्यावर बसला तर घाण. वा रे न्याय!

या चाळीत साफसफाईची पाळी आहे. ब्रश आणि निळी बादली ज्याच्या दारात, त्याचा तो आठवडा. रविवारी आपला आठवडा संपला की शेजारच्या दारात नेऊन ठेवायची. कागदावर फार छान वाटतं हे. प्रत्यक्षात बादली दारात दिसली की माणसांना कामं आठवतात. कुणाला ओव्हरटाइम, कुणाची पाठ धरली, कुणाकडं पाहुणे. मग ती बादली फिरत फिरत शेवटी तीन नंबरच्या दारात जायची, सोजरबाईंकडे.

सोजरबाई अंबाजोगाईकडच्या. साठी ओलांडलेली बाई, लेकाबरोबर राहते. कुणी "मावशी, एवढा आठवडा बघता का?" म्हटलं की नाही म्हणता यायचं नाही. पदर खोचायची, आत यायची आणि आतून कडी लावायची. बाहेर पुरुषमाणसं रांगेत उभी, त्यांच्यासमोर लुगडं वर खोचून बसायचं कसं, म्हणून कडी. मला घासताना माझ्याशी बोलायचीसुद्धा. "बस बाबा गप, झालंच." असं म्हणणारी या चाळीत ती एकटीच. तिच्या हातात राखेची पुरचुंडी असायची, नाहीतर कपडे धुऊन उरलेलं पाणी. पिवळा होतो मी, पण स्वच्छ होतो. छातीवर हात ठेवून सांगतो.

पण लेकाला ते बघवेना. समाधान त्याचं नाव. जवळच्याच एका वर्कशॉपमध्ये लोखंडाच्या पार्टवर प्लेटिंग करतात, तिथं तो कामाला. पार्टचा गंज काढायला तिथं तेजाब वापरतात. एका संध्याकाळी हा पठ्ठ्या थंड पेयाच्या जुन्या बाटलीत ते भरून घेऊन आला. पोटची माया, दुसरं काय! आई रोज घासते, तिचे हात दुखतात, हे त्याला दिसत होतं.

"आई, आता घासायचंच नाही. नुसतं ओतायचं. कंपनीचा माल आहे, एकदम कडक!"

त्या दिवशी लेक दाखवायला सोबत होता, म्हणून कडी न लावताच सोजरबाईंनी ओतलं. माझ्या अंगावर फसफसून फेस आला, पांढरा धूर निघाला. रांगेतली माणसं दारातून डोकावून बघायला लागली. "काय राव, काम आहे!" पाच मिनिटांत मी पुन्हा पांढरा. त्या दिवसापासून चाळीत समाधानचं नाव झालं.

आता माझं काय झालं ते ऐका. माझ्यावरचा तो गुळगुळीत थर होता ना, तेजाबानं तो कुरतडला. अंग खरखरीत झालं. खरखरीत अंगावर क्षार आणखी लवकर धरतात. मग आणखी बाटली. मग आणखी खरखरीत. महिन्याची बाटली आठवड्यावर आली. आणि मागची मैल्याची टाकी? तिच्यात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव असतात, तुमची घाण खाऊन तिचं पाणी करणारे. बिनपगारी, बिनसुट्टीचे कामगार. त्यांच्या डोक्यावर दर आठवड्याला तेजाब! मेले बिचारे. टाकी तुंबायला लागली, वास सुटला. उरलंसुरलं नाल्यानं इंद्रायणीकडं गेलं. आणि दोष कुणाचा? भांड्याचा.

सोजरबाईंना खोकला लागला तोही तेव्हाच. धूर निघाला की ती तोंडावर पदर धरायची, भिंतीला टेकून खोकायची. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ मोठा सोडायची. बाहेर समाधाननं विचारलंच तर, "मिरचीचा ठसका रे, फोडणीचा." अहो, संडासात कुठली फोडणी! पण पोराच्या काही लक्षात आलं नाही.

एका बाईनं मात्र वेगळं करून दाखवलं. पाच नंबरची दीपमाला. चाकणला एका कंपनीत स्टोअरमध्ये कामाला आहे. तिनं एकदा आपल्या पाळीला मला साफ केलं. आधी मगनं माझ्या घशातलं पाणी काढलं. गरम पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवलं, तेच, जे तुम्ही ढोकळ्यात घालता. त्यात जुनी रद्दी भिजवून माझ्या अंगावर चिकटवली आणि तीन तास तशीच राहू दिली. मग खाण्याचा सोडा टाकून ब्रश मारला. क्षार पापुद्र्यासारखे सुटले. मला कसं थंडगार वाटलं, विचारू नका! तांब्याची भांडी चिंचेनं निघतात हे इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. तेच हे. आंबट लावा, दम धरा, घासा.

पण दम धरायचाय कुणाला? दोन नंबरचा प्रितम आत जाऊन आला आणि म्हणाला, "ताई, साफ झाल्यासारखं वाटतच नाही. वास कुठंय?"

ऐकलंत? वास नाही, म्हणजे साफ नाही! डोळ्यांतून पाणी आलं, घसा खवखवला, की यांना वाटतं आता झालं स्वच्छ. अशा माणसांपुढं कुणी काय बोलावं? दीपमालानं कपाळावर हात मारला आणि बादली पुढच्या दारात ठेवली. पुढच्या आठवड्यात बाटली परत आली.

मग तो गुरुवार उजाडला. आमच्या एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी असते. समाधान घरी होता, मोबाइल बघत पडलेला. टाकीचा वास चाळभर भरला होता. भाडेकरू कुरकुरायला लागले, म्हणून अण्णासाहेब सकाळीच आले, दोन्ही संडासांत मूठमूठ ब्लीचिंग पावडर टाकली आणि कुणाला एक शब्द न सांगता निघून गेले. हेतू चांगलाच होता. या चाळीत सगळ्यांचेच हेतू चांगले असतात!

पाठोपाठ सोजरबाई आल्या. कडी लावली. पावडर दिसली असेल, पण पावडर आणि तेजाब एकमेकांना भेटले की काय होतं ते त्यांना कोण सांगणार? बाटली उपडी केली.

हिरवट पिवळा धूर उठला. मी जागचा हलू शकत नाही हो! ओरडू शकत नाही! माझ्याच पोटातून तो धूर निघत होता आणि ती माझ्यावर वाकलेली होती. एकदा खोकली, दोनदा खोकली, कडीला हात नेला, तो घसरला. बादली लवंडली. मग ती माझ्याशेजारी भिंतीला घासत खाली बसली.

दीपमाला रात्रपाळी करून तेवढ्यात परतत होती. बादलीचा आवाज आणि नाकात गेलेला धूर, दोन्ही तिला एकदम कळले. "समाधान! पळ! दार तोड!" समाधाननं खांदा मारून दार तोडलं, आईला उचललं. तिचे ओठ निळे पडले होते. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ती तिथं नऊ दिवस होती.

त्या संध्याकाळी चाळ माझ्यासमोर जमली. आईचे कपडे न्यायला समाधानही आला होता. दार तुटलेलं, त्यामुळं मला सगळं दिसत होतं. वाटलं, आता तरी कुणी त्या बाटलीचं नाव घेईल. कसलं काय!

अण्णासाहेब म्हणाले, "ह्ये भांडंच खराब हाय. किती बी घासा, पिवळं ते पिवळंच. म्हातारीला त्याच्यापायीच तेजाब वताया लागलं. काढून टाकतो, नवं बसवतो."

"व्हय व्हय," सगळे म्हणाले.

चोर सोडून संन्याशाला फाशी! मी म्हणालो होतो का तेजाब ओता? तुमच्या जड पाण्यानं मी पिवळा झालो, तुमच्या बाटलीनं खरखरीत झालो, आणि खराब मी?

दीपमालाच पुढं आली. कोपऱ्यातली बाटली तिनं फडक्यात धरून उचलली. "अण्णा, भांड्याला कशाला बोलता? समाधान, तू सांग. कंपनीत याला हात लावायचा तर काय काय घालतोस?"

समाधान खाली बघून म्हणाला, "हातमोजे. गॉगल. मास्क. गमबूट."

"आणि?"

"वर पंखा चालू ठेवतो. धूर ओढून घेणारा."

"आणि आईला काय दिलंस?"

 याच समाधानला मार्चमध्ये सुरक्षा सप्ताहात घोषवाक्याचं दुसरं बक्षीस मिळालंय. स्टीलचा डबा. त्याच्या खोलीत फळीवर ठेवलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान! कंपनीत लोखंडाचा गंज काढायला एवढा सरंजाम, आणि घरी जन्मदात्रीच्या हातात उघडी बाटली, वर बंद दार. मला त्या दिवशी त्याचा इतका राग आला, की पाय असते तर उठून एक लाथ घातली असती.

नऊ दिवसांनी सोजरबाई परतल्या. दहा पावलं चालल्या की थांबतात. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं पूर्वीसारखी होणार नाहीत. गळ्यात आता श्वासाच्या पंपाची पिशवी असते.

काल बादली तीन नंबरच्या दारात होती. खरीखुरी त्यांचीच पाळी. समाधाननं सुट्टी टाकली. रद्दी, लिंबूसत्त्व, गरम पाणी, सगळं घेऊन आला आणि दीपमालानं सांगितलं तसं पहिल्यांदा माझ्यापुढं उकिडवा बसला. नवं दार लागलंय, पण त्यानं ते सताड उघडं ठेवलं. मागच्या टाकीत गोठ्यातून आणलेलं शेण पाण्यात कालवून ओतलं, जीव परत धरावेत म्हणून. तीन तासांनी ब्रश घेतला. अंगाचा खरखरीतपणा जाणार नाही माझा, पण क्षार निघाले.

सोजरबाई दारात पाट टाकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "कोपऱ्यात घास रे. तिथं राहतंय."

तो घासत होता. मान वर न करताच त्यानं विचारलं, "आई, एवढा त्रास होत होता, तर एकदा तरी सांगायचं ना. का नाही सांगितलंस?"

सोजरबाईंनी आधी श्वास जमवला. मग म्हणाल्या, "कसं सांगू बाबा? तू लई हौसंनं आनायचास. वाटलं, नाही म्हटलं तर लेकराला वाईट वाटंल."

समाधानच्या हातातला ब्रश माझ्या अंगावर तसाच थांबला. तो ढसाढसा रडला. रांगेतल्या प्रितमनं "झालं का रे?" विचारायचं सोडलं आणि उजवीकडच्या संडासाची रांग धरली.

उद्या गवंडी येतोय. अण्णासाहेबांचा निर्णय काही बदलला नाही, मी जाणार. जाऊ द्या. माझ्या जागी पांढरंशुभ्र भांडं येईल, त्याच बोअरच्या पाण्यानं तेही वर्षभरात पिवळं पडेल. तेव्हा त्याच्यावर काय ओतायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी जाताना एकच सांगतो. संडास साफ करून जी बाई बाहेर येते, तिला आज घरी गेल्यावर विचारा, श्वास नीट घेता येतो का म्हणून. ती आपणहून सांगणार नाही.