मला स्वच्छ आठवतं

माझ्या नणंदेने माझं बाळ पळवलं, हे मला स्वच्छ आठवतं. पिवळा झगा घालून त्या माझ्या खाटेपाशी आल्या, पाळण्यातून त्याला उचललं आणि म्हणाल्या, "ही काही जगत नाही. आता हा माझा." मी हात पुढे करायला गेले तर हात खाटेला बांधलेले. ओरडायला गेले तर घशात नळी.

असं काही घडलं नाही, हेही मला माहीत आहे. बाळंतपणानंतर ताप चढला, जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि मी अतिदक्षता विभागात जाऊन पडले. त्या खोलीत पाळणा नव्हताच. पिवळे झगे तिथल्या नर्स घालत होत्या. मी नळ्या ओढू नयेत म्हणून हात बांधले होते, तेवढं मात्र खरं.

"जंतू डोक्यात शिरले नव्हते," डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं होतं. "पण शरीर इतक्या जोरात लढायला लागलं की त्या सुजेची धग मेंदूलाही लागते. माणूस जागेपणी स्वप्नं बघतो आणि ती खऱ्या आठवणींसारखी साठून राहतात. गोंधळ, विसरभोळेपणा हळूहळू कमी होईल. महिने लागतील."

"आणि ही आठवण? ती पुसली जाईल?"

"फिकी होईल बहुतेक. पुसली जाईल असा शब्द मी देत नाही."

कळलं सगळं. पण कळतं तेवढं वळलं असतं तर आणखी काय हवं होतं.

ताई, म्हणजे हीच नणंद, पोहायला शिकवतात. आयुष्यभर तलावाच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर बोलत आल्यामुळे त्यांचं कुजबुजणंही शेजाऱ्यांना ऐकू जातं. माझ्यासाठी रजा टाकून आल्या. बाळाला त्या 'साहेब' म्हणतात, कारण तो नुसता हुकूम सोडतो. आणि त्यांनी साहेबांना उचललं की माझी नजर त्यांच्या हातांवरून हटत नाही. त्या न्हाणीघरात गेल्या की मी दारात, गॅलरीत गेल्या की मी मागे.

"तू ताईची शेपटी झालीयेस," नवरा हसत म्हणाला. मला हसू आलं नाही. ताईंनाही नाही.

गेल्या आठवड्यात मी डोकं पुसत बाहेर आले तर घरात ताई आणि बाळ दोघंही नव्हती. मी अनवाणी, ओल्या केसांनी जिना उतरून रस्त्यावर. ताई त्याला घेऊन कोवळ्या उन्हात उभ्या होत्या. माझ्याकडे पाहिलं, बाळ माझ्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांची बॅग माळ्यावरून खाली आली.

"पुढच्या आठवड्यात निघते मी. तुमचं तुम्हाला जमेल आता."

जमणार नव्हतं. माझे हात अजून थरथरतात, दूध गॅसवर ठेवते आणि गॅसच विसरते. नवरा लिफ्टची दुरुस्ती करतो, त्याला कधीही बोलावणं येतं. ताई गेल्या तर बाळाजवळ शुद्धीवरचं माणूस कोण, हा प्रश्न होता. आणि राहिल्या तर मला क्षणभर टेकता येत नव्हतं.

काल मी पहिल्यांदाच अर्धा दिवस कामावर गेले. नवरा घरी होता म्हणूनच. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून फ्रेममध्ये काचा बसवायच्या, हे माझं काम. लग्नाआधीपासूनचं. पहिलाच चष्मा एका बसड्रायव्हर काकांचा होता. एका डोळ्याचा नंबर बराच जास्त, दुसऱ्याचा जेमतेम. मी बसवून दिला. काकांनी घातला, दारापर्यंत गेले आणि सपाट फरशीवर पाय उंच उचलून टाकला.

"मालक, तुमच्या दुकानाची जमीन सरकली का हो?"

मालकांनी चष्मा आत आणला. "काचा उलटसुलट झाल्यात, बाई."

"शक्य नाही," मी म्हणाले. "उजवी मी उजवीकडेच बसवली. खूण बघून. स्क्रूसुद्धा आधी त्याच बाजूचा आवळला. आत्ता डोळ्यांसमोर आहे माझ्या."

मालक वाद घालत नाहीत. त्यांनी चष्मा नंबर तपासायच्या यंत्रावर ठेवला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी पाहिलं. परत पाहिलं. उजवीकडे डावीचा नंबर.

"फ्रेम गोल आहे," मालक म्हणाले. "गोल फ्रेममध्ये कुठलीही काच कुठेही बसते. अडत नाही, म्हणून कळत नाही. करा परत."

मी परत बसवला, त्यांनी तपासला, काका गेले. पण मला खुर्चीवर बसवेना. तो स्क्रू आवळताना मी स्वतःला पाहिलं होतं. नखाखालची धूळसुद्धा दिसत होती. इतकं स्वच्छ, आणि सपशेल खोटं.

वेळ व्हायच्या आधीच निघाले. घरी बेल वाजवली. कुणी उघडेना. परत वाजवली. आतून पाण्याचा आवाज. माझी बोटं बेलवरून निघेनात. शेवटी ताईंनी दार उघडलं, कोपरापर्यंत फेस, खांद्यावर टॉवेलात साहेब.

"त्याला बोलावणं आलं गं, कुठेतरी लिफ्टमध्ये माणसं अडकलीत. तू घाबरशील म्हणून दोनदा फोन केला तुला. कुठे असतो तुझा फोन?"

फोन दुकानातच राहिला होता. मी पायरीवरच विचारलं, "ताई, मी दवाखान्यात होते तेव्हा तुम्ही आत आला होतात?"

त्यांनी आवाज खाली आणला. तळमजल्यापर्यंतच गेला असेल. "मला सर्दी होती. आत सोडलंच नाही. खाली रखवालदाराचं डोकं खात बसायचे. तो बिचारा अजून दचकून उठत असेल."

मी हसले, आणि मग रडू आलं. दारातच चष्म्याचं सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही 'वेडीच आहेस' म्हटलं नाही.

"जाऊ नका, ताई," मी म्हणाले.

"आणि तू माझ्या मागे मागे फिरणार?"

"फिरेन. आठवण अजून आहे तिथेच. तुम्ही आत्ता दार उघडलंत तेव्हासुद्धा तुमच्या अंगात मला पिवळा झगा दिसला."

ताईंनी स्वतःच्या निळ्या गाऊनकडे पाहिलं. "मग फीर. तलावावर पोरांच्या आया काठावर उभ्याच असतात. मी कुणाला हाकललं नाही अजून." साहेबांचा टॉवेल सावरत म्हणाल्या, "पण मलाही लागतं गं. हे तुला माहीत असू दे."

"माहीत आहे."

साहेबांना कपडे चढवून झाले. दारापाशी त्या थबकल्या. "कोपऱ्यापर्यंत फिरवून आणू याला? की नको?"

माझे हात त्याला घ्यायला पुढे झाले. नेहमीसारखेच.

"न्या," मी म्हणाले.

खिडकीतून त्या दिसत होत्या. त्याच्याशी मोठमोठ्याने बोलत कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि वळल्या. आता फक्त आवाज येत होता. मग तोही नाही. मी भाजी निवडायला घेतली, आणि एकच देठ बारीक बारीक मोडत बसले.