बाबांचा आवाज ठेवायची जागा

घशाच्या ऑपरेशनपासून बाबा कुजबुजतात, नाहीतर पाटीवर लिहितात. त्यांचा खरा आवाज घरच्या कॉम्प्युटरवर आहे. आम्ही लहान असताना सांगितलेल्या चौसष्ट गोष्टी. मध्ये त्यांची जांभई, माझं "पुढे काय?"

तो जपून कुठे ठेवायचा, यावर घरात बैठक बसली.

कॉम्प्युटरशेजारी.
दादा म्हणाला, "दुसरी प्रत या हार्ड डिस्कवर. इथेच, हाताशी."
आई म्हणाली, "म्हणजे चोर आला तर त्याला शोधायचा त्रास नको."

तांदळाच्या डब्यात.
आईची सूचना. दादाने डोक्याला हात लावला.

घराबाहेर.
ही माझी. एक प्रत घराबाहेर हवीच, नाहीतर सगळं एका झटक्यात जायचं. मावशी वाचनालयात ग्रंथपाल आहे. ती म्हणाली, "माझ्याकडे दे. माझ्याकडून आजवर एक चिठ्ठी हरवलेली नाही."
बाबांनी पाटीवर लिहिलं: खरंय. माझी १९९१ ची पावती अजून तिच्याकडे आहे.

मी पेनड्राइव्ह मावशीला दिला.

(इथे सात महिने काहीच घडत नाही. दादाला हे सात महिने फार आवडतात.)

मग दादाने चहा सांडला. कॉम्प्युटरवर. आणि शेजारच्या, हाताशी असलेल्या हार्ड डिस्कवर. दुरुस्तीवाल्याने दोन्ही उघडून पाहिले आणि विचारलं, "साखर जरा जास्त घेता का?" मग मान हलवली. यातलं काहीच परत मिळणार नव्हतं.

बाबांनी पाटी पुसली.

मी मावशीला फोन लावला.
"आहे ना," ती म्हणाली. "थांब." कपाट उघडल्याचा आवाज. मग एकेक खण ओढल्याचा.
"मावशी?"
"अगं, त्या दिवशी बोलकी पुस्तकं आली होती. तीही पेनड्राइव्हवरच. मी तुझ्या पेनड्राइव्हसकट सगळ्यांना डब्या केल्या, क्रमांक घातले, मांडणीत लावली. हाताला सवय गं."
"मग आता कुठे आहे?"
"वाचकाकडे."

डबीच्या कार्डावर हे होतं, तिने वाचून दाखवलं:

*क्र. ४४१२. लेखक: अज्ञात.*
*नेले: निवृत्त दंतवैद्य. मुदत वाढवली. मुदत वाढवली. मुदत वाढवली.*

आम्ही चौघं दंतवैद्यांच्या दारात. मावशी पुढे, चेहरा उतरलेला. दंतवैद्य आजोबांनी दार उघडलं, डबी हातातच होती.
"मुदत संपली का? अहो, आणखी आठ दिवस द्या. नातवंडं सोडत नाहीत. मी घरातल्या कॉम्प्युटरवर उतरवूनही घेतलंय, चालतं ना?"
मावशी म्हणाली, "चालतं. फार चालतं."
"एक तक्रार आहे मात्र. एक्केचाळिसावी गोष्ट. अस्वल पुलावर चढतं आणि सांगणारा घोरायला लागतो. एक मुलगी 'पुढे काय, पुढे काय' करते, आणि संपलं. पुढे काय होतं हो?"

मी बाबांकडे पाहिलं. ते पाटी माझ्या हातात देऊन आत गेले, नातवंडांच्या मधोमध बसले, आणि कुजबुजत त्यांनी पुलावरून अस्वल पलीकडे नेलं. मुलं ऐकायला इतकी जवळ आली की बाबा दिसेनात. दादाने सगळं फोनवर रेकॉर्ड केलं.

घरी परतताना त्याने विचारलं, "ही पासष्टावी कुठे ठेवायची?"

बाबांनी पाटी मागून घेतली.

*मांडणीत. आणि या वेळी लेखकाचं नाव घाला.*