पुरे म्हणणारा रकाना

विषय: भूमच्या दूध संघातील संगणकाचा एक रकाना शून्यावरून पुन्हा एकवर नेण्याबाबत.
संदर्भ: संगणक चालवणाऱ्या दीपाली यांचा अर्ज.

उपरोक्त विषयातला रकाना मीच बोलतोय.

टेम्पोंचे रस्ते आखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये माझा मुक्काम. गावोगावचं दूध कमीत कमी किलोमीटरमध्ये आणायचा बेत संगणक शोधतो. 'पुरे' कधी म्हणायचं, ते मी सांगतो. जन्मतः माझ्यात एक टक्का होता. म्हणजे हातातला बेत सर्वोत्तमाहून शंभरात एकापेक्षा जास्त उणा नसला, की शोध थांबवायचा. सकाळी सहाला दुधाचे आकडे भरले, की चार मिनिटांत टेम्पो रस्त्याला.

मग व्यवस्थापक म्हणून वैजनाथराव आले. उभी हयात कचेरीत गेलेली. इथं एक टक्का चूक चालते, हे वाचून त्यांनी चष्मा पुसला आणि मला शून्य केलं.

बेत तरीही चार मिनिटांतच सापडला. पण याहून बरा कुठंच नाही, याची खात्री करण्यात संगणक दुपारपर्यंत गुंतला. माणसं स्थळं बघताना करतात, तेच. टेम्पो फाटकात उभे. चालक इरशाद म्हणाला, रस्ता मला तोंडपाठ आहे, निघू का? संगणकाच्या यादीशिवाय निघायला मनाई झाली.

चौथ्या दिवशी ईट गावच्या धुरपताबाई आल्या आणि त्यांनी नासलेल्या दुधाची किटली साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"सायेब, तुमचं यंत्र लई हुशार आसंल. पर दूध कुणाची वाट बघत न्हाय. उद्या टेम्पो येळंला आला न्हाय, तर आमी खव्याच्या भट्टीला घालतो."

त्या गेल्यावर दीपाली म्हणाली, "साहेब, परत एक टाकू का? अर्ध्या मिनिटाचं काम आहे."

"शून्य करायला सही लागली नव्हती, मॅडम. चूक मंजूर करायची तर अध्यक्षांची लागंल. अर्ज द्या."

अर्ज तीन प्रतींत धाराशिवला अध्यक्षांकडं गेला. दहा दिवसांनी शेरा घेऊन परतला: 'एकऐवजी अर्धा टक्का पुरेल काय, तपासून फेरसादर करावे.' माझ्यात अर्धा लिहिल्याशिवाय ते तपासता येत नाही, आणि मंजुरीशिवाय अर्धा लिहिता येत नाही. दीपालीनं तेवढंच लिहून अर्ज पुन्हा पाठवला.

वाचकहो, तुम्ही घरात मीठ किती टक्के अचूक घालता, ते मी विचारत नाही. मला माझा एक तेवढा परत मिळावा.

सद्यःस्थिती अशी: ईटचं दूध भट्टीवर जातं. ते गाव यादीतून गळाल्यापासून उत्तर अर्धा तास आधी येतं. वैजनाथरावांनी ही प्रगती वर कळवली आहे. अर्ज प्रलंबित आहे.